ऐनाच्या रानात चाळीस दिवस

माणसांशी फारसं बोलावं लागत नाही असं पोटापाण्याचं काम कोणतं, असं कुणी विचारलं तर पूर्व विदर्भात दोन-तीन नावं लगेच तोंडावर येतात. रुळांच्या चाव्या ठोकत मैलोन् मैल चालणारा रेल्वेचा कीमॅन. उन्हाळ्यात वणव्यावर नजर ठेवणारा जंगलातला मजूर. धानाच्या बांधीवर रात्र काढणारा जागल्या. पण सलग महिना-दीड महिना ज्याला झाडं आणि अळ्या सोडून दुसरी सोबत नसते, तो कोसा, म्हणजे टसर रेशमाचे कोष, पिकवणारा. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत हे काम पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, ढिवरांच्या घरांत विशेष. आम्ही ते करतो. एक पीक अंड्यापासून कोषापर्यंत कसं जातं ते इथे सांगतो. लोकांना या कामाबद्दल 'रानात बसून राहायचं' एवढंच ठाऊक असतं, आणि तेवढ्यावर आलेला माणूस पहिल्याच आठवड्यात अर्धं पीक मुंग्यांना देऊन बसतो.

तुतीच्या रेशीमकिड्याला माणूस घरात पाळतो, पाला तोडून आणून घालतो. टसरच्या अळीचं तसं नाही. ती उभ्या झाडावर, उघड्या आभाळाखाली वाढते आणि तिथेच कोष बांधते. आपल्याकडे तिचं मुख्य झाड ऐन, गावात ज्याला येन म्हणतात ते. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल, जाड लांबट पान. दुसरं झाड अर्जुन, नाल्याकाठचं. पाऊस, वारा, पाखरं, मुंग्या हे सगळं अळीवर उघड्यावर येतं, म्हणून राखणाराही उघड्यावर राहतो.

वर्षात तीन पिकं निघू शकतात. पहिलं जून-जुलैत, तीस-पस्तीस दिवसांचं. दुसरं ऑगस्ट-सप्टेंबरात, चाळीसच्या आसपास. तिसरं ऑक्टोबरात सुरू होतं आणि थंडी वाढेल तसं लांबत पन्नास-साठ दिवसांवर जातं. थंडीत अळी सावकाश वाढते, पण कोष जाड बांधते. एकाच पट्ट्यात तिन्ही पिकं घ्यायचा मोह होतो. घेऊ नये. एका पिकात झाड जवळपास नागडं होतं, त्याला पुन्हा पाला धरायला वेळ द्यावा लागतो. रानाचे तीन तुकडे पाडून प्रत्येकावर वर्षातून एकदाच अळी चढवायची, हे जुनं गणित अजून खोटं ठरलेलं नाही.

या कामात बोलणं अजिबात नाही असं नाही. पण जे आहे ते पीक सुरू व्हायच्या आधी उरकायचं असतं, आणि तिथे संकोच केला तर पुढचे चाळीस दिवस वाया जातात. पहिलं बोलणं रानाचं. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची जी यादी आहे तिच्यात टसर आणि कोष यांची नावं स्पष्ट लिहिलेली आहेत. ज्या गावाला सामूहिक वनहक्क मिळालाय, तिथे ग्रामसभेचा ठराव घ्यायचा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला हा हक्क २००९ मध्ये मिळाला, त्यानंतर जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांना. जिथे नाही, तिथे वनखात्याच्या कार्यालयात अर्ज. दोन्हीकडे कक्ष क्रमांक आणि पट्ट्याच्या चतुःसीमा लिहून घ्यायच्या. तोंडी 'बसा तिकडे' वर विसंबून झाडं छाटली की मग उन्हाळ्यात वादावादी होते.

दुसरं बोलणं अंड्यांचं. रेशीम कार्यालयात मागणी आधीच नोंदवावी लागते, ऐनवेळी मिळत नाहीत. तिसरं बोलणं शेजारच्या धानवाल्याशी, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. ऑगस्ट-सप्टेंबरात धानावर फवारणी चालते. वारा आपल्या पट्ट्याकडे असला की औषधाचा तो बारीक तुषार पानावर बसतो आणि दुसऱ्या दिवशी अळ्या हिरवं ओकून गळायला लागतात. यावर उपाय नाही. म्हणून आधी जाऊन सांगायचं: दादा, फवारायच्या आदल्या दिवशी निरोप द्या, वारा पाहून फवारा. बांधीला लागून असलेल्या दोन ओळी आम्ही तशाही रिकाम्याच ठेवतो.

किती अंडीपुंज घ्यायचे? एक पुंज म्हणजे एका मादी पतंगाने घातलेली अंडी, दीडशे ते दोनशे. शंभर पुंज घेतले तर पंधरा ते वीस हजार अळ्या झाल्या. पुंजाला चाळीस-पन्नास कोष हातात आले तर पीक चांगलं म्हणतात, म्हणजे चारपैकी तीन अळ्या जाणारच असं धरून चालायचं. एकट्या माणसाने शंभरावर जाऊ नये. दोनशे पुंज घेऊन सहा हजार कोष काढण्यापेक्षा शंभर घेऊन पाच हजार काढणारा हुशार, कारण पाला, पाय आणि डोळे यांची मर्यादा आहे. शंभर पुंजांना साधारण अर्धा हेक्टर दाट ऐन लागतो.

अंडी रोगमुक्त आहेत याची खात्री कागदावर पाहून घ्यायची. पेब्रिन नावाचा रोग आईच्या पोटातून अंड्यात उतरतो, आणि एकदा उतरला की त्याला औषध नाही. लुई पाश्चरने १८६५ पासून फ्रान्समध्ये याच रोगावर काम केलं आणि जो मार्ग दाखवला तोच आजही चालतो: अंडी घालून झाली की प्रत्येक मादीचं पोट चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, चकाकणारे अंडाकृती बीजाणू दिसले की तिची सगळी अंडी जाळून टाकायची. गावात कुणी 'माझ्याकडचेच पतंग निघालेत, घे फुकट' म्हणून तपासणी नसलेली अंडी देतं. नम्रपणे नाही म्हणायचं. एका रोगट पुंजातून सबंध पट्टा जातो.

आता झाडं. अळी चढवायच्या पंधरा दिवस आधी पट्टा साफ करायचा. झाडाखालचं गवत आणि झुडूप कापायचं, म्हणजे खाली पडलेली अळी दिसते आणि सापही दिसतो. उंच वाढलेला ऐन कामाचा नाही. आम्ही आधीच्या उन्हाळ्यात त्याचा शेंडा पाच-सहा फुटांवर छाटतो, मग हात पोचेल अशा उंचीवर फुटवे येतात. पानाचं वय बघायचं. नुकत्या निघालेल्या अळीला कोवळं पान लागतं, निबर पान तिच्या तोंडाने कापलं जात नाही. पण पावसाळ्यातलं फारच कोवळं, पाण्याने भरलेलं पान मोठ्या अळीला दिलं तर हगवण लागते. म्हणून पट्ट्यात दोन्ही तऱ्हेची झाडं हवीत, आणि कोणती झाडं लहान अळीसाठी, कोणती मोठीसाठी, हे चिंधी बांधून आधीच ठरवायचं.

मग मुंग्या. झाडावर पानं शिवून घरटी करणाऱ्या लाल माटांची एक फौज रात्रीतून हजार बाळअळ्या उचलून नेते. घरटी पहाटे काढायची. गारव्यात माटे सुस्त असतात. पोत्याचं तोंड घरट्याखाली धरून फांदी कापली की सगळं आत. भामरागडकडचे माडिया लोक यांची चटणी करतात, त्यामुळे त्या भागात घरटी काढून न्यायला माणूस आनंदाने येतो. जमिनीतल्या काळ्या मुंग्यांसाठी झाडाच्या बुंध्याशी खेकड्याचं कवच किंवा सुकी मासळी बांधून ठेवायची, रात्रीत त्या तिथे गोळा होतात, सकाळी उकळतं पाणी ओतायचं. असं चार-पाच रात्री. मुंग्या मारायची दुकानातली पावडर झाडाला लावायची नाही, तीच पावडर अळीही मारते. खोडाला राखेचं किंवा ग्रीसचं कडं करतात, ते चांगलं; मात्र बहुतेक जण एक गोष्ट विसरतात. झाडाची एक फांदी जरी शेजारच्या झाडाला टेकलेली असली तरी ते कडं निरुपयोगी. मुंगी खालून येत नाही, पुलावरून येते. म्हणून अळी चढवायच्या झाडांभोवती हातभर रिकामी जागा राहील अशी छाटणी हवी.

अंडी आठ-दहा दिवसांत फुटतात. तोवर ती झोपडीत, पातळ कापडाच्या पिशवीत, सावलीला टांगलेली असतात. खाली ओल्या वाळूचं घमेलं, म्हणजे हवेत ओल राहते. फुटायची वेळ पहाटेची. अंडं तीनेक मिलिमीटरचं, चपटं, मधोमध तपकिरी रेघा. आधी कडेला एक काळा ठिपका दिसतो, ते डोकं. टरफल कुरतडून डोकं बाहेर येतं, मग पिवळट-तपकिरी अंग, सात मिलिमीटरचं, वजनाने आठ मिलिग्रॅमच्या आसपास. बाहेर आल्यावर ती लगेच पानाकडे जात नाही. वळते आणि स्वतःच्याच अंड्याचं टरफल खाते. तेवढा वेळ तिला द्यायचा. हीच अळी महिनाभराने चार-पाच इंच लांब आणि पन्नास ग्रॅम वजनाची होते.

झाडावर न्यायला पळसाच्या पानाचे द्रोण करायचे, काट्याने टाचलेले. एका द्रोणात एका पुंजाची फुटत असलेली अंडी, आत कोवळ्या ऐनाची एक डहाळी. द्रोण झाडाच्या मधल्या उंचीवर, वाऱ्याच्या उलट बाजूला, वर पानाची सावली येईल असा बांधायचा. अळ्या आपण होऊन डहाळीवरून फांदीवर जातात. सकाळी नऊच्या आत हे उरकायचं. पाऊस पडत असेल तर थांबायचं, पण दुपारच्या उन्हात कधीही नाही. द्रोणाच्या तळाला पाणी साचलं की पंधरा मिनिटांत पुंज बुडून जातो, म्हणून तळाला सुईने दोन भोकं. पहिल्या तीन दिवसांत फुटतील तेवढ्याच अळ्या घ्यायच्या. चौथ्या-पाचव्या दिवशी निघणाऱ्या अशक्त असतात, आणि पुढे पट्ट्यात रोग पहिल्यांदा त्यांच्यातच दिसतो. टाकायला जीव होत नाही, पण टाकाव्या लागतात.

पहिले दहा-बारा दिवस पिकाचे. नुकसानीचा मोठा वाटा इथेच पडतो. पावसाची सर, वाऱ्याचा झोत, मुंगी, कोळी, काहीही पुरतं. यासाठी नायलॉनची मोठी जाळी मिळते. पंधरा-वीस झाडांवर तंबूसारखी ताणून तिच्या आत दुसरी कात टाकेपर्यंत अळ्या ठेवायच्या. जाळी पानाला टेकू द्यायची नाही, टेकली की अळी जाळीवर चढते आणि बाहेरून पाखरू तिला टिपतं. खालची कड मातीत पुरायची. जाळीच्या आत बंद झालेला एक सरडा बाहेरच्या दहा सरड्यांपेक्षा जास्त नुकसान करतो, म्हणून जाळी ताणण्याआधी आतलं झाडन् झाड बघून घ्यायचं.

दिवसाचा क्रम ठरून जातो. तांबडं फुटायच्या आधी एक फेरी, कारण कावळा, टकाचोर, भारद्वाज यांची पहिली धाड उजाडताना पडते. गोफण आणि रिकामा डबा जवळ असतो, पण गोफणीचा दगड पाखराला मारायचा नसतो, आवाजासाठी असतो. आठ ते दहा झाडं बघत फिरायचं: पाला किती उरलाय, अळ्या कुठे गोळा झाल्यात, खाली किती पडल्यात. पडलेली अळी हाताने उचलायची नाही, तिच्यासमोर डहाळी धरायची, ती चढते. दुपारी ऊन तापलं की गांधीलमाश्या येतात. ढेकणासारखा एक शिंगाड्या किडा दुपारीच फिरतो. सोंड खुपसून अळीचं रक्त शोषतो आणि रिकामी कातडी लोंबकळत ठेवतो. त्याला काडीने पकडून चिरडायचं, त्याची पानाखालची अंडीही शोधायची. प्रार्थनाकीटक पानासारखाच हिरवा असतो, तो फक्त हलला की दिसतो. संध्याकाळी पाखरांची दुसरी धाड. रात्री टॉर्च घेऊन दोन फेऱ्या, उंदीर आणि वटवाघळासाठी.

इथे एकटेपणाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. गर्दीला कंटाळून शांतता मिळेल म्हणून रानात यावंसं वाटणं समजण्यासारखं आहे, आणि ती मिळतेही. दोन-दोन दिवस तोंडातून शब्द निघत नाही. पण त्या शांततेत कान सतत कामाला असतो. टकाचोराचा घोगरा आवाज पश्चिमेकडून आला की पाय आपोआप पश्चिमेला वळले पाहिजेत. वानरांचा खॅक-खॅक इशारा ऐकून हातातलं काम टाकून झोपडीत यायला लागतं. अळ्या मोठ्या झाल्या की रात्री त्यांच्या लेंड्या पाचोळ्यावर टपटप पडत राहतात, अगदी बारीक पाऊस लागल्यासारख्या, आणि तो आवाज एखाद्या कोपऱ्यात थांबला तर तिथे पाला संपलाय किंवा अळ्या कात टाकायला बसल्यात, हे अंधारात पडल्या पडल्या कळतं. म्हणून कानात बोंड्या घालून गाणी ऐकणाऱ्याला आम्ही पट्ट्यावर ठेवत नाही.

कोषापर्यंत अळी चार वेळा कात टाकते. हे जवळून बघण्यासारखं असतं. खाणं थांबतं. पानाच्या मधल्या शिरेवर ती धाग्याची पातळ गादी विणते, मागचे पाय तिच्यात रोवते आणि पुढचं अंग उचलून दिवसभर, कधी दीड दिवस, तशीच राहते. डोक्याच्या मागे फुगवटा दिसतो. आत नवीन, मोठं, फिकं डोकं तयार झालेलं असतं आणि जुनं डोकं मुखवट्यासारखं पुढे सरकलेलं. मग अंगाला लाट येते, मानेजवळ कातडी फाटते, मुखवटा गळून पडतो आणि अळी जुन्या कातडीतून पुढे चालत निघते. पाय जर त्या गादीवरून सुटलेले असतील तर कातडी मागे ओढली जात नाही, अळी अर्धी अडकते आणि मरते. म्हणून कात टाकायला बसलेल्या अळीच्या फांदीला हात लावायचा नाही, ती फांदी कापायची नाही, झाड हलवायचं नाही. नवख्याची सगळ्यात मोठी चूक हीच: पाला संपला म्हणून घाईने अळ्या दुसऱ्या झाडावर नेतो आणि नेमक्या बसलेल्या अळ्या उचलतो.

झाडबदल कसा करायचा? तीन चतुर्थांश पाला संपला की. सकाळी किंवा संध्याकाळी, भर उन्हात नाही. सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, अळ्यांसकट डहाळी कापायची, टोपलीत आडवी ठेवायची, नव्या झाडाच्या फांदीत अडकवायची. डहाळी सुकायला लागली की अळ्या हिरव्या पानावर जातात. अळीला धरून ओढायचं नाही, ती इतकी घट्ट धरते की पाय तुटून फांदीवर राहतात आणि जखमेतून रोग शिरतो. शेवटच्या, पाचव्या अवस्थेत अळी जेवढं खाते ते तिच्या आयुष्यभराच्या खाण्याच्या ऐंशी टक्क्यांच्या घरात जातं. विसाव्या दिवसापर्यंत पट्टा हिरवागार दिसत असतो आणि माणूस निर्धास्त होतो. पुढच्या आठ दिवसांत झाडं बोडकी होतात. म्हणून निम्मी झाडं शेवटच्या अवस्थेसाठी राखीव ठेवायची, कितीही मोह झाला तरी.

रोगाची चिन्हं रोज शोधायची. मागच्या पायांनी फांदी धरून डोकं खाली करून लोंबणारी, मऊ पडलेली, तपकिरी घाण पाणी गाळणारी अळी विषाणूने मेलेली. लेंड्या माळेसारख्या चिकटून लोंबणं, किंवा मागचा भाग बाहेर येणं, हा जिवाणूंचा रोग. दोन दिवस पाऊस आणि मग एकदम कडक ऊन पडलं की तो उसळतो. खडूसारखी कडक, पांढरी झालेली अळी बुरशीची, ही थंडीच्या पिकात जास्त. या तिन्हींत बरी होणारी अळी नसते. काम एवढंच की ती फुटून तिचं पाणी पानावर पडायच्या आत काडीच्या चिमट्याने उचलायची, चुना आणि ब्लिचिंग पावडर घातलेल्या मडक्यात टाकायची आणि पट्ट्यापासून लांब पुरायची. झाडाखाली नऊ भाग चुना आणि एक भाग ब्लिचिंग पावडर मिसळून धुरळायची, आठवड्यातून एकदा, रोग दिसला की लवकर. धुरळताना पानावर उडू द्यायची नाही. रोगट झाडावरून आलेला हात साबणाने धुतल्याशिवाय पुढच्या झाडाला लावायचा नाही. जुनी माणसं कोशाच्या दिवसांत सोवळं पाळतात, वेगळी चूल मांडतात, पट्ट्यात बाहेरच्याला येऊ देत नाहीत. कारण ते देवाचं सांगतात, पण बाहेरच्या माणसाच्या पायांबरोबर दुसऱ्या पट्ट्याचा रोग येत नाही, हा त्यातला फायदा खरा आहे.

आणि खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू. आमच्याकडे हे स्पष्टच लिहावं लागतं. तंबाखूचं विष अळीला फार लवकर बाधतं. पन्नीत खर्रा घोटलेल्या हाताने डहाळी धरली की त्या पानावरच्या अळ्या मान आपटायला लागतात, ओकतात, पडतात. ज्याला सुटत नसेल त्याने झोपडीतच खावा आणि कोपरापर्यंत हात धुऊनच बाहेर पडावं. मच्छर अगरबत्तीही जाळीपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला.

तिसऱ्या पिकात उझी माशी येते. घरमाशीहून मोठी, मोठ्या अळीच्या अंगावर टाचणीच्या डोक्याएवढं पांढरं अंडं चिकटवते. त्यातून निघालेली माशीची अळी आत शिरते, जागेवर काळा डाग राहतो. अळी कोषही बांधते, पण माशीची अळी तो भोकसून बाहेर येते, आणि भोक पडलेल्या कोषाचा सलग धागा निघत नाही. पांढरं अंडं दिसलं की चिमट्याने काढायचं. काळा डाग दिसला तर उशीर झालाय. त्या अळ्या वेगळ्या करून त्यांचे कोष वेगळे ठेवायचे, नाहीतर पुढच्या पिढीच्या माश्या आपणच पोसतो.

राखणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न शेवटी टाकण्यासारखा नाही, पण इथवर आलोय म्हणून आता. ब्रह्मपुरी, आरमोरी, देसाईगंजच्या पट्ट्यात वाघ आहे, हे गृहीत धरूनच रानात जायचं. अस्वल त्याहून वाईट, ते अचानक समोर येतं. २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडातून गडचिरोलीत रानहत्ती आले, त्यांचा वावर धान पिकायच्या दिवसांत, म्हणजे नेमका तिसऱ्या पिकाच्या वेळी त्रासाचा ठरतो. त्यामुळे एकट्याचं काम असलं तरी अशा भागात रात्री एकट्याने राहू नये. दोघांनी राहावं, पट्ट्याची दोन टोकं वाटून घ्यावीत. दिवसभर भेट न होता काम होतं. फेरीला निघताना डबा वाजवत निघायचं, वाकून पाला बघताना पाठ झुडपाकडे करायची नाही, दर दोन मिनिटांनी मान वर करायची. पाणवठ्यावर सकाळी लवकर आणि तिन्हीसांजेला जायचं नाही. वाघाचे ताजे ठसे दिसले तर रात्रीची फेरी बंद, उंदरांनी नेले तितके कोष गेले. घरी पट्ट्याची नेमकी जागा माहीत हवी, आणि ठरावीक दिवशी कुणीतरी शिधा घेऊन यायलाच हवं, कारण बहुतेक पट्ट्यांवर मोबाइलला रेंज नसते.

पस्तिसाव्या दिवसाच्या आसपास अळी खाणं सोडते, पातळ घाण टाकून पोट रिकामं करते आणि झाडावर वर-खाली भटकायला लागते. मग एक डहाळी निवडते, दोन-तीन पानं धाग्याने जवळ ओढून आडोसा करते. आधी डहाळीभोवती कडं, मग त्याला दोन-तीन बोटं लांबीचा देठ, आणि देठाला लटकणारा कोष. शेवटी आतून एक पांढुरकं पाणी सोडते, त्याने भिंत सुपारीसारखी टणक होते. या दिवसांत झाडाला पाला हवा, नसेल तर अळी पानाचा आडोसा न करता बोडक्या डहाळीवर पातळ, वेडावाकडा कोष बांधते. खारी आणि वानरं आता सगळ्यात धोक्याची, त्यांना आतला कोशित, म्हणजे अळीचा पतंग व्हायच्या आधीचा झोपलेला जीव, आवडतो.

कोष बांधायला घेतल्यापासून आठ-दहा दिवसांनी काढणी. लवकर काढला तर आत अजून मऊ अळीच असते, ती धक्क्याने फुटते आणि कोषाला आतून काळा डाग पडतो. कानाजवळ धरून हलवला आणि आत खुळखुळलं की झालं. कोष ओढून तोडायचा नाही, देठासकट डहाळी सिकेटरने कापायची. कोषांवरचा पाला झोपडीसमोर काढायचा आणि कोषांचे पाच ढीग घालायचे: टणक, पातळ, भोक पडलेले, डागी, जुळे. विक्री हजाराच्या हिशेबाने होते, पाच-पाच उचलून मोजतात, त्यामुळे मोजताना आपला माणूस समोर असावा. ढीग मिसळून नेले की सगळ्यांना खालच्या ढिगाचा भाव लागतो. धाग्यासाठीचे कोष वाफेवर किंवा कडक उन्हात तीन-चार दिवस ठेवून आतला जीव मारावा लागतो, नाहीतर पतंग भोक पाडून निघतो. पुढे हा माल मोहाडी, आंधळगाव, नागभीड अशा गावांतल्या मागांवर जातो, तिथे करवतकाठी साड्या विणल्या जातात.

बियाण्यासाठी ठेवायचे कोष मात्र जिवंत. टणक, वजनदार, रोग न दिसलेल्या झाडांवरचे. देठाला दोरी गुंफून पन्नास-पन्नासच्या माळा करायच्या आणि हवा खेळती असलेल्या, जाड भिंतींच्या खोलीत टांगायच्या. तिसऱ्या पिकातला कोशित जूनपर्यंत झोपून राहतो, म्हणजे आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यातून त्याला जिवंत न्यायचं असतं. खिडक्यांना ओली पोती, छपरावर गवत, जमिनीवर ओली वाळू. माळांवर पाणी शिंपडायचं नाही. माळेची दोरी भिंतीला टेकू द्यायची नाही, उंदीर भिंतीवरून येतो. आढ्याला तार आणि तारेला दोरी. पंधरा दिवसांनी एकदा प्रत्येक कोष हातात घेऊन बघायचा, हलका लागला तर आतला मेलाय, काढून टाकायचा. मृगाचा पाऊस पडून हवा ओलावली की पतंग संध्याकाळी बाहेर पडायला लागतात. तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला खोलीत जायचं, पण दिवा न लावता, नाहीतर नर पतंग दिव्यावर आपटून पंख फाडून घेतात.